'आम्ही', 'आपण' आणि 'करण्यात आले' : लहान महाविद्यालयातील विद्यार्थिजीवनाची मराठी भाषा

महाविद्यालयाविषयी विद्यार्थ्याच्या मनात असणाऱ्या सामूहिक आत्मीयतेला मराठीत एक नेमका शब्द नाही. 'अभिमान', 'अस्मिता', 'आपुलकी' या शब्दांवर आपण काम भागवतो. परंतु त्यांपैकी कोणताही शब्द ती भावना पूर्णपणे पेलत नाही. मराठी व्याकरणाने मात्र या भावनेच्या अभ्यासासाठी एक उत्तम साधन दिलेले आहे. 'आम्ही' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला वगळतो, 'आपण' म्हणताना त्याला सामावून घेतो. 'आमचे कॉलेज' हा शब्दप्रयोग दुसऱ्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यासमोर होतो; 'आपले कॉलेज' हा एकमेकांत होतो. एकात स्पर्धा आहे, दुसऱ्यात सहवास. महाविद्यालयीन जीवनाविषयीचे मराठी लेखन या दोन सर्वनामांच्या अंगाने वाचून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कथा-कादंबरीबरोबरच आपण प्राध्यापक मंडळी दरवर्षी ज्याचे संपादन करतो आणि क्वचितच वाचतो, त्या वार्षिक नियतकालिकाचाही येथे लेखन म्हणूनच विचार केला आहे.

'आमचे'चा सर्वांत मोठा उद्घोष पुण्यात ऐकू येतो. 'महाराष्ट्रीय कलोपासक' या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६० च्या दशकापासून चालू आहे. पडदा उघडण्यापूर्वी प्रेक्षागृहातून 'अरे, आवाज कुणाचा?' असा प्रश्न उठतो आणि महाविद्यालयाच्या नावाने त्याचे उत्तर येते. हीच घोषणा राजकीय सभांतूनही दिली जाते, हे येथे नोंदवायला हवे. कारण प्रश्नाचा रोख दोन्हीकडे सारखाच आहे. नाटक काय सांगते यापेक्षा आवाज कोणाचा, हे तेथे आधी ठरवायचे असते. २०२२ साली अंतिम फेरीच्या परीक्षकांनी अपेक्षित दर्जाची एकांकिका नसल्याचे सांगून करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा नाट्यवर्तुळात बरीच चर्चा झाली. आवाज आणि आशय या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, एवढे तरी त्या निर्णयामुळे स्पष्ट झाले. अर्थात या स्पर्धेने मराठी रंगभूमीला दिलेले नट, लेखक आणि दिग्दर्शक पाहता तिला केवळ आरोळ्यांची जत्रा म्हणणे अन्यायाचे ठरेल. आरोळीमागे महिनाभराच्या तालमी असतात, आणि तालमीच्या खोलीतले सर्वनाम 'आपण' हेच असते.

परंतु प्रस्तुत लेखाला अभिप्रेत असलेले महाविद्यालय हे नव्हे. तालुक्याच्या गावी, बहुधा गावाबाहेर, एखाद्या शिक्षणसंस्थेने काढलेले कला-वाणिज्य शाखांचे महाविद्यालय डोळ्यांसमोर आणावे. विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून एस.टी.च्या मासिक पासावर येतात. वसतिगृह नसते किंवा असले तरी नावापुरते. सकाळच्या गाडीने आलेली मुलगी दुपारच्या गाडीने परत जाते; ती गाडी चुकली तर घरी उत्तर द्यावे लागते. येथील विद्यार्थिजीवन म्हणजे दोन गाड्यांच्या मधला वेळ. कट्टा, कॅन्टीन, रात्रीच्या तालमी, वसतिगृहाच्या गच्चीवरील गप्पा, म्हणजे मराठी कादंबरीने ज्याला कॉलेजजीवन म्हणून ओळखले ते सारे या वेळेत मावत नाही. मग येथे सामूहिक आत्मीयता निर्माण होते ती कशातून?

मराठी कादंबरी या प्रश्नाला फारशी मदत करत नाही. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतील तरुण महाविद्यालयाच्या वातावरणात वावरतात; पण महाविद्यालय ही तेथे प्रेमकथेची सुशोभित पार्श्वभूमी आहे. सुहास शिरवळकर यांच्या 'दुनियादारी'तील मुले (२०१३ मध्ये या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटामुळे ती नव्या पिढीलाही ठाऊक झाली) कट्ट्याची आहेत. त्यांची निष्ठा टोळक्याशी आहे, संस्थेशी नाही. या दृष्टीने खरोखर विचारात घ्यावे असे लेखन भालचंद्र नेमाडे यांचे आहे.

'कोसला' (१९६३) या कादंबरीवर मराठीत इतके लिहिले गेले आहे की पुन्हा तिच्याकडे वळताना संकोच वाटतो. अस्तित्ववाद, परात्मता, देशीयता, सॅलिंजरशी तुलना या साऱ्या अंगांनी तिची चर्चा झाली. त्या चर्चेत एक साधी गोष्ट काहीशी मागे पडली आहे. पांडुरंग सांगवीकर हा मागच्या बाकावर बसून सगळ्यांना हसणारा विद्यार्थी नाही. खानदेशातील सांगवीहून पुण्यास आलेला हा मुलगा सामूहिक विद्यार्थिजीवनातील जवळजवळ प्रत्येक जबाबदारी अंगावर घेतो. वक्तृत्व-वादविवादाचे मंडळ, स्नेहसंमेलनातील नाटक, वसतिगृहाची व्यवस्था, खाणावळीचा कारभार, सगळे. तो परका होतो तो सहभागातून. आधीच अलिप्त असणाऱ्याची अलिप्तता आणि पदरमोड करून, कामे करून, फसून आलेली अलिप्तता यांत फरक आहे. आणि 'कोसला'ची धग या दुसऱ्या प्रकारात आहे.

खाणावळीचा भाग या दृष्टीने मला कादंबरीच्या मध्यवर्ती भागांपैकी एक वाटतो. वक्तृत्वस्पर्धेत किंवा नाटकात 'आमचे'ची भावना पुरेशी असते. खाणावळीत ती उपयोगाची नाही. तेथे किराणा आणावा लागतो, भाजी नासते, कोणी पैसे बुडवतो, आणि महिन्याच्या अखेरीस हिशेब जुळावा लागतो. 'आपण' या सर्वनामाची खरी कसोटी सामायिक खर्चात लागते. सांगवीकराच्या वाट्याला येणारा तोटा हा एका भाबड्या मुलाचा तोटा म्हणून वाचला गेला. पण त्या तोट्यात एका संस्थेचे अपयशही आहे. समूहाने खाल्ले आणि भरपाई एकट्याच्या घरून आली. म्हणजे समूह नव्हताच. एकाच ताटापुरती जमलेली माणसे होती.

कादंबरीची भाषा हेच सांगते. सांगवीकराच्या बोलण्यातील 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' यांची चर्चा शैलीचे वैशिष्ट्य म्हणून पुष्कळ झाली, अनुकरणही पुष्कळ झाले. हे शब्द कोठे येतात हे पाहिले तर असे दिसते की समारंभी, प्रतिष्ठित, आधीच कोणीतरी बोलून ठेवलेल्या शब्दांच्या पाठीला ते चिकटतात. संस्थेची अधिकृत आत्मीयता 'वगैरे'ने एका फटक्यात पोकळ होते. मणीच्या मृत्यूच्या भागात या भाषेचा सूर पूर्ण बदलतो, हेही त्याच कारणाने. तेथे उसने काही नाही.

मात्र 'कोसला'चे महाविद्यालय मोठ्या शहरातील आहे, वसतिगृहाचे आहे. लहान महाविद्यालय मराठी कादंबरीत ठळकपणे येते ते नेमाड्यांच्याच चांगदेव चतुष्टयात: 'बिढार' (१९७५), 'हूल' (१९७५), 'जरीला' (१९७७), 'झूल' (१९७९). इंग्रजीचा प्राध्यापक चांगदेव पाटील नोकरीच्या निमित्ताने लहान गावांतील महाविद्यालयांत फिरतो. संस्थाचालक, जातींचे गट, प्राध्यापकांच्या खोलीतील राजकारण, भाड्याच्या खोल्या यांचे इतके तपशीलवार चित्रण मराठीत अन्यत्र दुर्मीळ आहे. आपल्यापैकी अनेकांनी ही पुस्तके वाचताना स्वतःच्या सहकाऱ्यांची नावे समासात लिहिली असतील. पण ही कादंबरी प्राध्यापकाच्या खुर्चीतून लिहिलेली आहे. तिच्यातील विद्यार्थी प्राधान्याने समूह म्हणून येतो: वर्गातला गलका, परीक्षेतील कॉपी, स्नेहसंमेलनातील दंगा. चांगदेवाचे बिढार वारंवार हलते. त्याला 'आपले महाविद्यालय' असे म्हणण्याची सवड मिळत नाही, इच्छाही फारशी नाही. चतुष्टयाची ही मर्यादा दाखवताना तिला दोष म्हणण्याचे कारण नाही. नायकाची जागा जेथे आहे तेथून जेवढे दिसते तेवढेच प्रामाणिकपणे दाखवले आहे. परिणाम मात्र असा की लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे स्वतःचे जीवन मराठी कादंबरीत जवळजवळ अलिखित राहिले. आत्मचरित्रांनी, विशेषतः आनंद यादव यांच्या 'नांगरणी'सारख्या पुस्तकांनी, ही उणीव काही अंशी भरून काढली. पण तेथेही एकट्याची शिक्षणासाठीची झुंज हेच केंद्र आहे.

साहित्यात न सापडणारे हे 'आपले' प्रत्यक्ष इतिहासात मात्र सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' ही योजना आली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' या रयत शिक्षण संस्थेच्या बोधवाक्यातही सर्वनाम 'आमचे' असेच आहे, ही बाब लक्षणीय आहे. पण या 'आमचे'समोर कोणतेही दुसरे महाविद्यालय उभे नाही. ज्यांनी आजवर या मुलांना शिक्षणातून वगळले, त्यांना उद्देशून तो शब्द उच्चारला आहे. वगळले गेलेल्यांचे 'आम्ही' आणि करंडकासाठीचे 'आम्ही' यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) उदाहरण याहून बोलके आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेथे महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची साधने अत्यंत तोकडी होती. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी येथील विद्यार्थ्यांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि त्याचा प्रयोग विद्यार्थ्यांनी केला. दलित रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाचा उल्लेख आरंभीचा टप्पा म्हणून केला जातो. पुढे १९६७ च्या सुमारास याच परिसरातून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले आणि गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' या नावाने ते दलित साहित्याच्या चळवळीचे मुखपत्र ठरले. येथे थोडे थांबून पाहावे. स्नेहसंमेलनासाठी नाटक आणि महाविद्यालयीन वर्तुळातून निघालेले नियतकालिक ही दोन्ही साधने प्रत्येक लहान महाविद्यालयाजवळ असतात. नाटक दरवर्षी होते, अंक दरवर्षी निघतो. नागसेनवनात त्याच साधनांतून एक वाङ्मयीन चळवळ उभी राहिली, कारण तेथील विद्यार्थ्यांजवळ सांगण्यासारखे काही होते आणि त्यांच्या प्राध्यापकांनी ते सांगू दिले. यांतील पहिली अट आजही बहुतेक ठिकाणी पूर्ण होते. दुसरीविषयी तसे म्हणता येत नाही.

याचा पुरावा पाहायचा तर कोणत्याही ग्रंथालयातील वार्षिकांकांचे बांधीव खंड काढावेत. मुखपृष्ठावर इमारत. आत संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, प्राचार्यांचे मनोगत, संपादकीय, मग मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग. मराठी विभागात आई, पाऊस, मैत्री, मोबाईलचे दुष्परिणाम, आणि कोठूनतरी उतरवून घेतलेल्या चारोळ्या. शेवटी विभागवार अहवाल. छायाचित्रांच्या रंगीत पानांवर पारितोषिक देणारे पाहुणे समोरून दिसतात, घेणारा विद्यार्थी पाठीमागून.

विद्यार्थ्यांच्या लेखनातील उसनेपणाबद्दल तक्रार करणे सोपे आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो अहवाल हा वाङ्मयप्रकार. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे उदाहरण घेऊ. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झालेल्या या योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर दत्तक गावी होते. एस.टी.च्या वेळापत्रकाने बांधलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या शिबिराचे मोल वेगळे आहे. शेवटची गाडी निघून गेल्यानंतरही वर्गमित्रांबरोबर राहण्याचा हा कित्येकांचा, विशेषतः मुलींचा, पहिलाच अनुभव असतो. शाळेच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या जातात. पिठल्यात मीठ जास्त पडते. दगडी बांधाचे काम करताना शेतकऱ्याचा मुलगा वाणिज्य शाखेच्या मुलाला पहार कशी धरायची ते दाखवतो, आणि वर्गात तोंड न उघडणारा विद्यार्थी रात्री भारूड म्हणतो. 'आपण' हे सर्वनाम या सात दिवसांत खऱ्या अर्थाने वापरात येते. 'कोसला'तील खाणावळीत जे साधले नाही, ते एखाद्या गावच्या प्राथमिक शाळेच्या ओट्यावर साधून जाते. कारण येथे स्वयंपाक करणारे, वाढणारे आणि जेवणारे तेच असतात.

वार्षिकांकात त्याचे काय होते? 'शिबिराचे उद्घाटन मा. अध्यक्षांच्या शुभहस्ते संपन्न झाले. बौद्धिक सत्रात विविध मान्यवरांची व्याख्याने आयोजित करण्यात आली. श्रमदानातून बंधारा बांधण्यात आला. ग्रामस्थांचे मोलाचे सहकार्य लाभले.' 'आम्ही' गेले, 'आपण' गेले. उरले ते 'करण्यात आले'. कर्ता नसलेली ही क्रियापदे आपल्या महाविद्यालयीन गद्याची अधिकृत वाणी होऊन बसली आहेत. बंधारा कोणी बांधला? बांधण्यात आला. भारूड म्हणणाऱ्याचे नाव नाही. व्याख्यात्याची पदवी मात्र चुकलेली नाही. भविष्यात कोणी या भागातील विद्यार्थिजीवनाचा इतिहास लिहू पाहील, तर त्याला उद्घाटकांची संपूर्ण यादी मिळेल आणि विद्यार्थी एकही सापडणार नाही.

हे गद्य विद्यार्थी लिहीत नाहीत, आपण लिहितो. त्याचे कारणही उघड आहे. अहवाल हा संस्थेला, विद्यापीठाला आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'ला उद्देशून असतो. उपक्रमाची नोंद, छायाचित्र, लाभार्थींची संख्या यांची मागणी रास्त आहे. मूल्यमापनाला काही पुरावा हवाच. परंतु मूल्यमापनाच्या फायलीतील भाषा जशीच्या तशी वार्षिकांकात उतरली, आणि वार्षिकांक ही त्या फाईलची रंगीत प्रत झाली. काही विद्यापीठे वार्षिकांकांच्या स्पर्धा घेतात, त्यांत पारितोषिक मिळवलेल्या अंकांतूनही अहवालाची ही भाषा सुटलेली दिसत नाही.

दुसरा हस्तक्षेप लाल शाईचा. संपादन मंडळावर काम केलेल्या कोणाही प्राध्यापकाला हा प्रसंग परिचित असेल: एखादी मुलगी ऊसतोडीच्या हंगामावर लिहून आणते, 'आमी कोपी टाकली' असे लिहिते, आणि आपण ते 'आम्ही झोपडी उभारली' असे शुद्ध करतो. कोपी आणि झोपडी यांतला फरक तिला माहीत आहे. तिच्या वाक्यात एक पूर्ण हंगाम आहे, आपल्या दुरुस्तीत निबंध. प्रमाणभाषा शिकवणे हे आपले काम आहे आणि ते उत्तरपत्रिकेत करावेच. वार्षिकांक ही उत्तरपत्रिका नव्हे. ज्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आपण ग्रामीण आणि दलित आत्मकथने नेमतो, त्यांतील बोलीचे सौंदर्य वर्गात उलगडून दाखवतो, त्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या लेखातील बोली खोडतो. या विसंगतीचा कोणाला फारसा त्रास होत नाही, हे जास्त चिंताजनक वाटते.

'आपण' म्हणण्याच्या अधिकाराला एक कायदेशीर अंगही आहे. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ नुसार वर्गप्रतिनिधी मागील परीक्षेतील गुणवत्तेवरून नेमला जाऊ लागला. त्यापूर्वीच्या निवडणुकांतील पैसा आणि हिंसाचार ज्यांनी पाहिला, त्यांना हा बदल दिलासा देणारा वाटला, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. परंतु गुणांनी नेमलेला प्रतिनिधी वर्गाने निवडलेला नसतो. त्याला वर्गाच्या वतीने 'आम्ही' म्हणताना अवघडल्यासारखे होते आणि वर्गालाही ते ऐकताना. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. तरतूद आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत बरेच अंतर राहिले. विद्यार्थी सचिवाचे मनोगत वार्षिकांकात आजही छापले जाते. ते कोणी लिहिलेले असते, हे येथे लिहिण्याची गरज नाही.

२०२०-२१ या वर्षाचे खंड या दृष्टीने स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहेत. टाळेबंदीच्या त्या काळात स्नेहसंमेलन नव्हते, शिबिर नव्हते, गाडीही नव्हती. पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाची इमारत कित्येक महिने पाहिली नाही. नेटवर्कसाठी टेकडीवर चढणारी मुले, एका मोबाईलवर तीन भावंडांची तीन वर्गांची तासिका, लग्न ठरल्यामुळे मध्येच यादीतून गळालेल्या मुली, हे सगळे आपण जवळून पाहिले. त्या काळचे ऑनलाईन अंक उघडले तर 'आभासी पद्धतीने वेबिनारचे यशस्वी आयोजन करण्यात आले' या वाक्याची पुनरावृत्ती दिसते. ज्या वर्षी 'आपले महाविद्यालय' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पडला होता, त्या वर्षी तो विचारला जाण्याची जागा आपण वेबिनारांच्या यादीने भरली. ते विद्यार्थी आता पदवी घेऊन बाहेर पडले आहेत. त्यांतील काही जण त्याच तालुक्यात आहेत आणि माजी विद्यार्थी मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकाही त्यांना जातात. त्यांच्याकडून त्या वर्षाविषयी, त्यांच्या बोलीत, लाल शाई न लावता, लिहून घेणे अजून शक्य आहे.